भाऊसाहेबांचं खातं

मी बी.कॉम. आहे. साहित्याच्या प्रांतात ही पदवी सांगितली की समोरचा आधी सहानुभूतीनं पाहतो आणि मग मुदत ठेवीचे दर विचारतो. त्यामुळे ना. सं. इनामदारांच्या 'शिकस्त' या कादंबरीवर चार शब्द लिहिणार असल्याचं मी घरी जाहीर केलं, तेव्हा आमची सौ. एवढंच म्हणाली, "आधी ती लायब्ररीत परत करा. दंड चढतोय."

दंडाचा दोष पुस्तकाच्या जाडीवर टाकता येणार नाही. बोरिवली ते अंधेरी या प्रवासात, चौथ्या सीटवर अर्धं अंग बाहेर ठेवून, मी याहून जाड पेशवे पचवले आहेत. शिवाय या घराण्याचे आम्हा उपनगरवाल्यांवर उपकार आहेत. भाऊसाहेबांचे वडील चिमाजी अप्पा यांनी १७३७ च्या मोहिमेत साष्टी पोर्तुगीजांकडून घेतली. तिच्याच एका तुकड्यावर, तिसऱ्या मजल्याइतक्या उंचीवर, मी अजून हप्ते फेडतो आहे.

पेशव्यांच्या घरातल्या बायकांवर मराठी वाचकाचा भारी जीव. रमाबाई १७७२ साली थेऊरला सती गेल्या, आणि रणजित देसाईंच्या 'स्वामी'मुळे १९६२ पासून आपण त्यांच्यासाठी रडतो आहोत. इनामदारांच्याच 'राऊ'तल्या मस्तानीसाठी आपण त्या वेळच्या साऱ्या पुण्याशी भांडलो. पण सदाशिवरावभाऊंच्या पार्वतीबाईंचं काय करायचं, हे आपल्याला समजत नाही. त्या सती गेल्या नाहीत आणि विधवाही झाल्या नाहीत. वाचकानं रुमाल काढायचा तरी कधी?

हकीकत अशी, की १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. पार्वतीबाई स्वतः फौजेबरोबर होत्या. त्या वाचून परतल्या, भाऊसाहेब परतले नाहीत. बातमी आली ती सावकारी खुणेच्या भाषेत. दोन मोती गेले, मोहोरा गेल्या आणि रुपये-खुर्द्याची तर गणतीच नाही, असा तिचा आशय. ते कळलं तेव्हा माझ्यातला बी.कॉम. खडबडून जागा झाला. अहो, हा तर ताळेबंद! एक मोती विश्वासराव, दुसरा भाऊसाहेब, आणि पहिल्याच टिपणात दोघेही बुडीत खाती. इतरांनी नोंद मान्य केली. पार्वतीबाईंनी मात्र तिच्यावर सही केली नाही. १७८३ साली डोळे मिटेपर्यंत त्यांनी कुंकू पुसलं नाही.

मध्यंतरी, मीच भाऊ, असं म्हणणारा एक तोतया उपटला. १७७६ साली त्यानं कोकणात धुमाकूळ घातला. अखेर पुण्यात चौकशी झाली. आमच्या भाषेत केवायसी. तीत तो नापास झाला आणि त्याला देहदंड मिळाला. कुंकू मात्र तसंच राहिलं. खोटा खोटा ठरला, म्हणून खरा मेला असं थोडंच सिद्ध होतं?

असली पंचाईत फ्रान्सच्या राजवाड्यालाही चुकली नाही. सोळाव्या लुईची मुलगी मारी तेरेझ क्रांतीतून एकटी वाचली. मग तुरुंगात मेलेला तुझा धाकटा भाऊ मीच, असं सांगत एकेक तोतया उभा राहू लागला. म्हणजे तिकडेही प्रश्न भाऊचाच! त्यांतल्या नाउनडॉर्फ नावाच्या सर्वांत गाजलेल्या गृहस्थाला तिनं भेटच दिली नाही. पुढे २००० साली त्या मुलाच्या जपून ठेवलेल्या हृदयाची डीएनए तपासणी झाली आणि तो १७९५ सालीच गेला, हे ठरलं. राजकन्येनं दार लावून घेतलं, पार्वतीबाईंनी ते उघडं ठेवलं.

आता समीक्षक म्हणून थोडी कुरकुर. इनामदारांची माणसं इतक्या आदबीनं बोलतात, की दर दोन पानांमागे मला गाडीत मुजरा करावासा वाटे. वाड्यातली कारस्थानंही मी अंमळ जास्तच चवीनं वाचली. बदल्यांच्या मोसमात आमची शाखाही शनिवारवाडाच असते. पण त्या खलबतांच्या गर्दीत नजर बाईंवरून ढळते. हा दोष कादंबरीचा की वाचणाऱ्या कारकुनाचा, हे ठरवणं अवघड आहे. कारण पहिल्या वाचनानंतर मी निकाल दिला होता, "बाईंचा हट्ट. दुसरं काय?"

तो निकाल फिरला काउंटरवर.

आमच्याकडे एक बाई येतात. दीड-दोन वर्षांनी एकदा. नवऱ्याच्या खात्यात पन्नास रुपये भरतात, पासबुकावर शिक्का घेतात आणि जातात. खातं निष्क्रिय होऊ नये, एवढ्यासाठी. नवरा एका सकाळी कामावर गेला तो परतलाच नाही. माणूस सात वर्षं कुणाच्या ऐकण्यात आला नाही, तर कायदा त्याला मृत धरतो. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात हे होतं, २०२३ च्या नव्या कायद्यातही माप सातच वर्षांचं आहे. मी उदार मनानं फॉर्म पुढे केला. "ताई, सात वर्षं झाली. दावा करा, पैसे तुमचेच आहेत."

त्यांनी फॉर्म शांतपणे वाचला. मग विचारलं, "यांच्या नावाआधी कैलासवासी कोणी लिहायचं?"

"तुम्हीच."

"मग राहू द्या. पन्नास रुपये भरून घ्या."

मागची रांग ओरडत होती. मी शिक्का मारला. हात जरा हलला असावा, तारीख पुसट उठली.

त्या रात्री 'शिकस्त' पुन्हा उघडली. सातच्या मापानं पार्वतीबाईंना बावीस वर्षांत तीनदा दावा लागला असता. त्यांनी तो केला नाही. त्याला वेड म्हणायची सोय आपल्यासारख्यांना असते, कारण आपल्याला संध्याकाळी हिशेब जुळवून घरी जायचं असतं. इतिहासालाही तीच घाई. रमाबाईंनी ती पुरी केली, म्हणून त्यांचं कौतुक आपल्याला सोपं गेलं. न जुळणारा हिशेब इनामदारांनी कादंबरीच्या मधोमध ठेवला, हे मला त्यांचं मोठं काम वाटतं.

राहता राहिलं नाव. फारसीत शिकस्त म्हणजे पराभव. वाटलं, बरोबर, पानिपत. पण मराठीत आपण प्रयत्नांचीही शिकस्त करतो. एकच शब्द रणांगणावर हरलेल्यांनाही लागतो आणि घरात हार न मानणाऱ्या बाईलाही. हे ध्यानात यायला मला दोन वाचनं आणि एक पासबुक लागलं.

शनिवारी लायब्ररीत गेलो. दंड भरला आणि 'शिकस्त' पुन्हा माझ्याच नावावर लिहून घेतली. सौ.ला अजून सांगितलेलं नाही.