हान्स आयझेंक : स्वभावाची जैविक मीमांसा आणि पुराव्याची कसोटी

हान्स आयझेंक (१९१६-१९९७) यांचा परिचय मानसशास्त्राच्या वर्गात बहुधा बहिर्मुखता-अंतर्मुखतेच्या आकृतीपुरता होतो. त्यांच्या कारकिर्दीतील अंतर्विरोध त्यामुळे झाकलेला राहतो. बर्लिनमध्ये जन्मलेल्या आयझेंक यांनी १९३४ मध्ये नाझी जर्मनी सोडली. पुढे १९५५ ते १९८३ या काळात ते लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायकिॲट्रीमध्ये प्राध्यापक होते. १९५२ च्या गाजलेल्या लेखात त्यांनी मानसोपचारकांना कोंडीत पकडले : सुमारे दोन-तृतीयांश मज्जाविकृत रुग्ण औपचारिक उपचारांविनाही सुधारत असतील, तर सुधारणेचे श्रेय उपचारांना कोणत्या पुराव्यावर द्यावयाचे?

स्वभावाच्या जैविक आधाराचा शोधही त्यांनी प्रारंभी याच वृत्तीने घेतला. १९५७ मधील उद्दीपन-निरोधनाची उपपत्ती अपुरी वाटताच त्यांनी तिची फेरमांडणी केली आणि १९६७ च्या 'द बायॉलॉजिकल बेसिस ऑफ पर्सनॅलिटी' या ग्रंथात मेंदूच्या जागृतिपातळीला मध्यवर्ती स्थान दिले. अंतर्मुख व्यक्तीचा मेंदू मुळातच अधिक जागृत असल्याने ती गोंगाट टाळते, तर बहिर्मुख व्यक्ती उत्तेजना शोधत राहते, असे हे प्रतिपादन होय. जिभेवर लिंबाचा रस पडल्यावर अंतर्मुखांना अधिक लाळ सुटते काय, इतक्या साध्या प्रयोगानेही ते पडताळता येत होते. पुढील मापनांचे निष्कर्ष संमिश्र निघाले. तथापि चूक ठरण्याचा धोका पत्करणे हेच या उपपत्तीचे खरे बळ होते.

१९७१ मध्ये वंश आणि बुद्धिमत्ता यांवर लिहिताना मात्र हा संयम सुटला. एका समूहातील व्यक्तिभेदांची आनुवंशिकता दोन समूहांमधील फरकाचे कारण सिद्ध करीत नाही, ही मर्यादा त्यांच्या मांडणीत दुर्लक्षित राहिली. रोनाल्ड ग्रोसार्थ-माटिसेक यांच्यासमवेतच्या लेखनात तर कर्करोग व हृद्रोग यांचे भाकीत व्यक्तिमत्त्वावरून करता येते आणि वर्तनोपचाराने मृत्यू टळतात, असे दावे आले. पेलोसी व ॲपलबी यांनी १९९२ मध्येच 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधून या आकडेवारीवर आक्षेप घेतले होते. किंग्ज कॉलेज लंडनच्या चौकशीने २०१९ मध्ये २६ शोधनिबंध विश्वासार्ह नसल्याचे ठरविले.

आकडेवारी सहकाऱ्याने जमविली होती, हा बचाव आयझेंक यांच्याबाबत तोकडा पडतो. मानसोपचारकांच्या आकड्यांची झाडाझडती घेणाऱ्या संशोधकाने आपल्या नावाने प्रसिद्ध होणाऱ्या आकड्यांना तीच कसोटी लावली नाही. १९६७ ची उपपत्ती त्या चौकशीच्या कक्षेत नव्हती. तिचे मूल्यमापन स्वतंत्रपणेच करावे लागते.