गाळलेले कडवे : जुन्या गायनपार्ट्यांच्या मेळाव्यांची एक चिकित्सा

अलीकडे ठिकठिकाणी जुन्या गायनपार्ट्यांचे मेळावे भरू लागले आहेत. ज्यांनी तीस-चाळीस वर्षांपूर्वी पेटी आणि ढोलकी खांद्यावर घेऊन एका रात्रीत दोन-दोन गावे केली, ते गायक, वादक, झीलकरी आणि त्यांचे सोबती एका मांडवाखाली जमतात, गातात, सत्कार घेतात आणि आपापल्या गावी परततात. या मेळाव्यांचे कौतुक होते, आणि ते व्हायलाच हवे. पण त्यांची समीक्षा होत नाही. कवितासंग्रहाची समीक्षा करायची आणि जलशाचे फक्त कौतुक करायचे, हाही एक भेदच आहे. जलसा ही कला आहे आणि विचारही आहे असे आपण मानत असू, तर त्याच्याशी वाद घालण्याचा मान आपण त्याला दिला पाहिजे.

या गाण्याला भूमिगत म्हणावे काय? ते गायले गेले भर चौकात, पेट्रोमॅक्सच्या उजेडात, हजारो माणसांसमोर. परंतु पाठ्यपुस्तकाने ते छापले नाही आणि वाङ्मयाच्या इतिहासाने त्याला ओझरत्या उल्लेखापलीकडे जागा दिली नाही. प्रस्थापितांच्या दृष्टीने ते जमिनीखालीच राहिले. ते टिकले ते माणसांच्या तोंडी आणि शंभर पानी वह्यांत.

जलसा म्हणजे केवळ गाण्यांचा कार्यक्रम नव्हे. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा आराखडा घेतला आणि त्यातून भटशाहीवर आसूड ओढला. काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या (१९३०) आगेमागे भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच परंपरा आंबेडकरी चळवळीच्या कामी लावली. गण, गौळण, बतावणी, वग ही चौकट राहिली, आशय बदलला. शृंगाराच्या जागी शिक्षण आले, देवाच्या स्तुतीच्या जागी माणसाच्या हक्काची भाषा आली. मात्र तमाशातली एक गोष्ट जलशाने सोडली नाही, ती म्हणजे सवाल-जवाब. रंगमंचावर प्रश्न विचारला जाई आणि त्याचे उत्तर श्रोत्याला घरी नेता येई. मेलेल्या जनावराचे मांस का खायचे? वतनाच्या तुकड्यासाठी गावकी का करायची? पोरगी शाळेत का नाही? हे प्रश्न गावाला जसे होते, तसेच महारवाड्यालाही होते. जलसा शत्रूवर तुटून पडे आणि आपल्या माणसाचीही भीड ठेवत नसे. पुढे वामनदादा कर्डकांसारख्या कवीने (१९२२–२००४) हजारो गाणी रचली, त्यांतही स्वकीयांचा हिशेब मागणारी गाणी आहेत.

माझे म्हणणे असे आहे की जलशाचा प्राण या वादात होता. वाद टाळण्याच्या अटीवर भरणारा मेळावा जलशाची आठवण काढतो, पण जलसा पुढे नेत नाही.

मागील हिवाळ्यात मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी असा मेळावा मी पाहिला. पाच पार्ट्या आल्या होत्या. सत्कारांना दोन तास लागले आणि पाचही पार्ट्यांना मिळून दीड तास मिळाला. त्यांपैकी एका पार्टीने १९७८ चे गाणे म्हटले. त्या वर्षी २७ जुलैला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने संमत केला आणि त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. हे गाणे त्या दिवसांत त्याच भागातल्या एका अल्पशिक्षित शेतमजुराने रचलेले. पहिल्या कडव्यात ठराव आहे. दुसऱ्यात जळालेली घरे आहेत, घरमालकांच्या नावांसह आणि धान्याच्या कणगीसह. तिसरे कडवे आपल्याच एका पुढाऱ्यावर आहे, जो फिर्याद देऊ नका म्हणून वस्तीत समजूत घालायला आला होता. चौथ्यात निर्धार आणि कवीची नाममुद्रा.

त्या दिवशी मंचावर त्या पुढाऱ्याचे चिरंजीव प्रमुख पाहुणे म्हणून बसले होते. गायकाने दुसऱ्या कडव्यावरून थेट चौथे उचलले. तिसऱ्याच्या आधी ढोलकी थांबते आणि नुसत्या डफावर ओळ सुरू होते, अशी त्या गाण्याची बांधणी आहे. ढोलकीवाल्याचा हात जुन्या सवयीने थांबला. क्षणभराचाच खंड पडला. ज्यांना गाणे ठाऊक होते त्यांना काय गाळले ते कळले. मांडवातल्या तरुणांना काहीच कळले नाही.

नंतर मी गायकाला विचारले, "तात्या, तिसरं कडवं का सोडलंत?" ते म्हणाले, "सर, किती दिस ऱ्हायलेत आता? चाळीस वर्सांनी भेटलोय, तर भांडावं कशाला?"

या उत्तराला मी हसण्यावारी नेऊ शकत नाही. त्यामागे मोठा इतिहास आहे. १९५७ साली रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि दोन वर्षांत फुटला. पुढे फुटतच राहिला. प्रत्येक फुटीबरोबर पार्ट्याही फुटल्या. पेटी एका गटाकडे, ढोलकी दुसऱ्या गटाकडे, अशी स्थिती आली. निळ्या आणि लाल झेंड्यातील तणावाने तर माणसे आतून तोडली. शाहीर विलास घोगरे हे त्याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण. ज्या सांस्कृतिक संघटनेसाठी ते गायले तिनेच त्यांना दूर केले. आणि घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात १० जण मारले गेले, तेव्हा चार दिवसांनी त्यांनी आपले जीवन संपवले. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) हा माहितीपट त्यांच्यापासूनच सुरू होतो. ज्यांनी अशा ताटातुटी पाहिल्या, त्यांना म्हातारपणी समेट हवासा वाटला तर नवल नाही.

पण समेट आणि विस्मरण या दोन गोष्टी एक नव्हेत. तिसरे कडवे गाऊनही मैत्री टिकू शकली असती. त्याच मेळाव्यात याचा पुरावा मिळाला. दोन पार्ट्या, ज्या एकेकाळी मुकाबल्यात समोरासमोर बसत आणि नंतर गटबाजीमुळे वर्षानुवर्षे बोलत नव्हत्या, त्या ओळीने मंचावर आल्या. पहिल्या पार्टीने जाता जाता एक सवाल टाकला : बाबांचे नाव घेता, मग निवडणुकीच्या मांडवात कुणाच्या नावाने गाता? तो कार्यक्रमपत्रिकेत नव्हता. दुसऱ्या पार्टीने पेटी ओढली आणि उभ्या उभ्या जवाब दिला : पोटाला भाकर आंदोलन देत नव्हते, ते देणारे कोण होते ते तूच सांग. वीस मिनिटे हे चालले. मागच्या खुर्च्यांवरची माणसे पुढे आली, बाया उठून उभ्या राहिल्या, मोबाइल खाली गेले. शेवटी दोघे गायक एकमेकांच्या गळ्यात पडले. ही गळाभेट भांडून झाली होती, म्हणून ती खरी वाटली.

कडवे गाळण्याची सवय मात्र मेळाव्यांनी लावलेली नाही. ती कॅसेटपासून सुरू झाली. १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली आणि भीमगीत घराघरांत पोहोचले. हा उपकार मोठा आहे. आमच्या घरात पुस्तक येण्याआधी गाणे आले ते कॅसेटमधूनच. पण कॅसेटच्या एका बाजूला ठरावीक मिनिटे असतात. चौकात अर्धा तास चालणारे गाणे पाच मिनिटांत बसवायचे म्हणजे कडवी कमी करणे आले. जे सगळीकडे विकायचे त्यात एका गावच्या पाटलाचे, एका पुढाऱ्याचे नाव अडचणीचे होते. स्तुती सगळीकडे चालते. म्हणून स्तुती राहिली आणि तपशील गेला. दुसरी हानी अधिक सूक्ष्म आहे. आपल्याकडे कवीची नाममुद्रा शेवटच्या कडव्यात असते. गाणे शेवटून आखूड केले की कवीच नाहीसा होतो. अशा रीतीने असंख्य रचनाकार निनावी झाले. आज जयंतीच्या मिरवणुकीत ध्वनिवर्धकाच्या भिंतींतून जे ऐकू येते, त्यात धृपद आणि ठेका उरतो. सवाल त्यात सापडत नाही.

मेळाव्यांतला सत्कारही याच वळणाने जातो. शाल मुख्य गायकाला मिळते. पण पार्टी एका माणसाची नसते. ओळ उचलून धरणारा झीलकरी, वही सांभाळणारा, आणि ज्या बाईने रात्री-अपरात्री आलेल्या दहा माणसांना भाकरी थापून घातली आणि कधी मागे बसून झीलही ओढली, तिचे नाव निवेदकाच्या कागदावर नव्हते. समतेच्या गाण्याचा सत्कार विषमतेच्या रीतीने व्हावा, हे आपण निमूटपणे पाहत आहोत.

यात समीक्षकांचाही वाटा आहे. १९७८ साली दोन पुस्तके आली. एक दया पवारांचे 'बलुतं', दुसरे भीमराव कर्डकांचे 'आंबेडकरी जलसे'. पहिल्यावर आपण भरभरून लिहिले, ते अभ्यासक्रमांत गेले, ते योग्यच झाले. दुसऱ्याची चर्चा त्या मानाने नगण्य. दलित साहित्याच्या समीक्षेने छापील पानाला साहित्य मानले आणि गायलेल्या शब्दाला प्रचार. म्हणजे प्रस्थापितांचाच निकष आपण आपल्या माणसांना लावला. सत्तेने मात्र अशी चूक केलेली नाही. कबीर कला मंचाच्या शीतल साठे आणि सचिन माळी यांना २ एप्रिल २०१३ रोजी विधानभवनासमोर स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन व्हावे लागले. गाण्यात काय ताकद आहे हे ज्यांना ते नको असते त्यांना नीट कळते.

मी मराठी शिकवतो. ज्ञानेश्वरीची प्रत एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केली, निरनिराळे पाठ ताडून पाहिले, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. एका ओवीतल्या एका शब्दासाठी विद्वानांनी आयुष्ये वेचली. मग नामांतराच्या गाण्याचे चार पाठ चार वह्यांत असतील, एकात तिसरे कडवे असेल आणि तिघांत नसेल, तर तो पाठभेद अभ्यासाचा विषय का होऊ नये? कोणते कडवे कधी गळाले, कोणाच्या समोर गळाले, याचा शोध घेतला तर आपल्या चळवळीचा इतिहासच हाती येईल. भाषणांत आणि ठरावांत जे सापडत नाही ते गाळलेल्या कडव्यांत सापडेल.

काही जण म्हणतील, म्हाताऱ्या माणसांना चार घटका आनंद मिळतो, त्यात ही चिकित्सा कशाला? मला वाटते, असे म्हणणे हाच त्यांचा अनादर आहे. ज्यांनी लाठ्या खाऊन गाणी म्हटली, त्यांना आपण फक्त गोंजारायचे काय?

म्हणून मेळावे भरवणाऱ्या कार्यकर्त्यांना माझी सूचना साधी आहे. प्रमुख पाहुणा बोलावू नका. सत्कार अर्ध्या तासात उरका आणि तो अख्ख्या पार्टीचा करा, नावे वाचून. गाणे पूर्ण म्हणू द्या, सगळ्या कडव्यांसह. प्रत्येक पार्टीसोबत एक विद्यार्थी बसवा. त्याने वही उतरून घ्यावी, कवीचे नाव, गाव, साल विचारावे, आणि जे गाळले जाते ते का गाळले जाते हेही लिहावे. सवाल-जवाबाला वेळ राखून ठेवा. आणि एक अट घाला : प्रत्येक पार्टीने एक गाणे यंदाचे, यंदाच्या प्रश्नावरचे आणावे. बंद पडलेल्या वसतिगृहावर आणा, कंत्राटी सफाई कामगारावर आणा, अडकलेल्या शिष्यवृत्तीवर आणा. सूर बसला नाही तरी चालेल.

वह्यांची पाने पिवळी पडली आहेत, काहींना वाळवी लागली आहे. ज्यांना तिसरे कडवे पाठ आहे अशी माणसे एका तालुक्यात आता हाताच्या बोटांवर मोजता येतील. ती आहेत तोवर ते कडवे कागदावर आले पाहिजे आणि त्याच मंचावरून, त्याच पाहुण्यासमोर, मोठ्याने म्हटलेही गेले पाहिजे.