खोडलेल्या ओळींचे वाचन

पाठ्यपुस्तकाला आपली समीक्षा सहसा साहित्यात धरत नाही. पण घराघरांत पोहोचणारे आणि शंका न घेता पाठ करायचे असे दुसरे पुस्तक कोणते? म्हणूनच इराकची पाठ्यपुस्तके समीक्षकाच्या नजरेने वाचायला हवीत.

९ एप्रिल २००३ रोजी बगदाद पडले आणि त्याच वर्षी, अमेरिकी ताब्यात, शालेय पुस्तकांची साफसफाई झाली. ती पुस्तके सद्दाम हुसेनच्या तसबिरींनी आणि स्तुतीने भरलेली होती. इराणविरुद्धच्या १९८० ते १९८८च्या युद्धाला त्या राजवटीने 'सद्दामची कादिसिया' हे नाव दिले होते. सातव्या शतकातील त्या लढाईचे मुसलमानांच्या मनातील स्थान मुसलमानांविरुद्धच वापरले गेले. हा मजकूर जायलाच हवा होता, त्याबद्दल दुमत नसावे.

पण त्याच्यासोबत १९९१चे आखाती युद्धही गेले. वादग्रस्त ते सारे वगळा, असे धोरण होते. काम इराकी शिक्षकांनी केले; पैसा आणि देखरेख अमेरिकेची होती. ज्या मुलांच्या घरांनी त्या युद्धाची आणि नंतरच्या निर्बंधांची झळ सोसली, त्यांच्या पुस्तकात ते युद्ध नव्हते. स्तुती खोडणे आणि घटना खोडणे यांत फरक आहे. पहिल्याने खोटे जाते, दुसऱ्याने प्रश्नच उरत नाही.

१९४५ साली हरलेल्या जपानमध्ये मुलांनी स्वतःच्या हाताने, शाईच्या कुंचल्याने, पुस्तकातील ओळी काळ्या केल्या. ३१ डिसेंबर १९४५च्या अमेरिकी आदेशाने नीतिशिक्षण, इतिहास आणि भूगोल यांचे वर्गच थांबले. १९४६च्या नव्या इतिहास-पुस्तकाचे एक लेखक होते साबुरो इएनागा. पुढे स्वदेशी सरकारच त्यांच्या पुस्तकाला कात्री लावू लागले, तेव्हा १९६५ साली ते न्यायालयात गेले. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने पाठ्यपुस्तक-तपासणीची पद्धत वैध ठरवली. मात्र युनिट ७३१च्या क्रूर प्रयोगांचा उल्लेख काढायला लावणे बेकायदा होते, असा निर्णय दिला. म्हणजे परकी फौज गेली तरी खोडरबर मागे राहतो. फक्त हात बदलतो.

काळी ओळ निदान सांगते की इथे काही होते. नव्याने छापलेले स्वच्छ पान तेवढेही सांगत नाही. जे पाठ्यपुस्तक आपल्यात काय बदलले, कोणी बदलले आणि का, हे मुलाला सांगते, तेच प्रामाणिक. या कसोटीवर इराकची २००३ची पुस्तके उतरत नाहीत. आपल्या मुलांच्या दप्तरातील पुस्तकेही वाचकांनी याच कसोटीवर घासून पाहावीत.