पिकाचूचे दोन जन्म

जपानी ॲनिमे म्हणजे व्हिडिओ गेमची निव्वळ जाहिरात, हे मत आम्हांस मान्य नाही. ‘पोकेमॉन’चेच पाहा. मूळ खेळ १९९६ चा. त्यातील १५१ प्राण्यांत पिकाचू एक, आणि आरंभी निवडावयाच्या तिघांत तर तो नव्हताच. प्राणी चेंडूत कोंडावयाचे, हा खेळाचा नियम. १९९७ च्या ॲनिमेतील मानी पिकाचूने तो झुगारला. १९९८ च्या ‘यलो’ खेळात तो खेळाडूच्या मागून मोकळा चालू लागला. लेकीनेच आईस वळण लावले म्हणावयाचे!

आमच्या धाराशिवकडे टेलिव्हिजनवरून लेक तेवढी आली. मुलांस पिकाचूचा लळा लागला. पण स्वतः निवडण्याची, हरण्याची गोडी, जी खेळाचा प्राण, ती बहुतेकांस अज्ञातच राहिली. २०१६ च्या अखेरीस ‘पोकेमॉन गो’ भारतात आला, तेव्हा ती मुले कॉलेजात आमच्यापुढे बसत होती.