लाडका गडी आणि कामाचा गडी

मुलांच्या खेळावर गंभीरपणे लिहावयाचे म्हटले की आपल्याकडे लोक गालांतल्या गालांत हसतात. नाटकाचे परीक्षण करावे, कादंबरीची चिकित्सा करावी; खेळ मात्र खेळावा आणि विसरून जावे, अशी आपली रीत. तथापि, ज्या खेळात प्रत्यक्ष झुंज काही मिनिटांत आटोपते, पण त्या झुंजीसाठी संघ जुळविण्यात दिवसच्या दिवस जातात, त्या खेळात रचना नावाची गोष्ट आहे हे मान्य करावेच लागते. आणि जेथे रचना आली तेथे ती बरी की वाईट, हा प्रश्नही आलाच. पोकेमॉन हा तसा खेळ आहे. या दिवाळीच्या सुट्टीत आपल्या घरातले एखादे पोर फराळाची बशी बाजूला सारून त्यात गुंग झाले असेल, तर त्याच्या डोक्यात काय चालले आहे हे वडीलधाऱ्यांनीही जाणून घेण्यासारखे आहे.

या खेळाचा जन्म जपानमधला. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी निन्टेंडोच्या गेमबॉय या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी 'रेड' आणि 'ग्रीन' असे त्याचे दोन भाग निघाले. त्याचे कर्ते सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद होता. गवतात शिरावे, नवा जीव शोधावा, तो मित्राला दाखवावा आणि त्याच्याकडचा आपण घ्यावा, हा बालपणचा आनंद त्यांनी यंत्रात आणला. दोन यंत्रे तारेने जोडली की दोन मुलांना प्राण्यांची देवघेव करता येई आणि झुंजही लावता येई. पहिल्या खेळात दीडशेच्या आसपास असलेले हे कल्पित प्राणी आता हजारावर गेले आहेत. २००९ साली अमेरिकेतील सॅन डिएगो येथे या झुंजींचा जागतिक स्पर्धेत समावेश झाला, आणि पोरांच्या नादाला आखाड्याचे रूप आले.

झुंजीचे नियम थोडक्यात सांगतो. स्पर्धेत खेळाडूने सहा प्राण्यांचा संघ आणावयाचा. सामन्याआधी दोघांनी एकमेकांचे सहा पाहावयाचे आणि आपल्यातले चारच निवडून उतरावयाचे. मैदानावर एका वेळी दोन्ही बाजूंचे दोन-दोन प्राणी उभे असतात. प्रत्येकाला चार चाली येतात. प्रत्येकाजवळ एक वस्तू ठेवता येते, पण तीच वस्तू संघातल्या दुसऱ्याला देता येत नाही. शिवाय प्रत्येकाच्या अंगी एक खास गुण असतो. प्राण्यांचे प्रकार १९९६ साली पंधरा होते, २०१३ पासून ते अठरा आहेत. अग्नी गवताला जाळतो, पाणी अग्नीला विझविते, गवत पाण्याला शोषून घेते, अशी ही साखळी. साखळीत वार बरोबर जागी बसला तर दुप्पट लागतो, चुकीच्या जागी अर्धा, आणि काही ठिकाणी मुळीच लागत नाही. आता गंमत अशी, की दोन्ही खेळाडू आपापली चाल गुपचूप ठरवितात आणि मग त्या चपळाईच्या क्रमाने घडतात. त्यामुळे बुद्धिबळातला विचार आणि पत्त्यांतला अंदाज यांचा येथे मेळ पडतो.

नवशिक्या पहिला संघ करावयास बसतो तेव्हा त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एक मनाची: जे आवडतात ते सहा घ्यावे. दुसरी हिशेबाची: ज्यांचे आकडे मोठे ते सहा घ्यावे. या भांडणात खेळाने स्वतःचे मत फार पूर्वी देऊन ठेविले आहे. १९९९ सालच्या 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' या भागांत कॅरन नावाची एक निष्णात लढवय्यी भेटते. हरल्यावर ती खेळाडूला सांगते की सबळ-दुर्बळ हे भेद माणसांनी आपल्या सोयीने केले आहेत, आणि खरा कुशल असेल त्याने आपल्या आवडत्यांना घेऊन जिंकून दाखवावे. हे बोल या खेळाच्या चाहत्यांत सुभाषितासारखे झाले आहेत. प्रश्न इतकाच, की ते खरे आहेत काय?

हिशेबाची वही तर उलटी साक्ष देते. प्रत्येक प्राण्याचे बळ सहा आकड्यांत मांडलेले असते: जीव, मारा, बचाव, विशेष मारा, विशेष बचाव आणि चपळाई. गार्चोम्प नावाचा एक भूचर ड्रॅगन आहे. त्याच्या मूळ आकड्यांची बेरीज ६०० भरते. पाचिरिसू नावाची पांढरी, अंगावर निळा पट्टा असलेली एक चिमुकली विजेची खार आहे. तिची बेरीज ४०५. दोन्ही प्राणी २००६ साली एकाच खेळात प्रथम आले, पण एकाला निर्मात्यांनी राजपुत्राचे ताट वाढले आणि दुसरीला लेकुरवाळ्या घरातले. सबळ-दुर्बळ हा भेद माणसांचा खराच. पण ती माणसे खेळ घडविणारीच आहेत! एका हाताने असा भेद करावयाचा आणि दुसऱ्या हाताने समतेचे सुभाषित लिहावयाचे, हा दुटप्पीपणा समीक्षकाने नोंदविलाच पाहिजे.

आणि तरीही त्या सुभाषिताला अर्थ आहे, हे २०१४ साली वॉशिंग्टन येथे दिसले. त्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाच्या सेजुन पार्क याने मोठ्यांच्या गटात अजिंक्यपद मिळविले, आणि त्याच्या सहांत पाचिरिसू होती. सोबत गार्चोम्प, ग्यारडॉस, टॅलनफ्लेम, गार्डेव्हॉर आणि गॉथिटेल. दांडग्या मंडळींत ही खार पाहून लोकांना कौतुक वाटले, आणि साहजिकच तिचे गोडवे गायले गेले. परंतु पुष्कळांनी या विजयाचा अर्थ भाबडेपणाने लावला: प्रेम केले की दुर्बळही जिंकतो. मला तो अर्थ मान्य नाही. त्या संघाची जुळणी नीट पाहिली तर निराळीच गोष्ट हाती लागते.

खारीला येणारी एक चाल 'फॉलो मी' नावाची. तिने ती केली की त्या फेरीत जोडीदारावर नेम धरून मारलेले वार वळून तिच्या अंगावर येतात. आता ग्यारडॉस जलचरही आहे आणि नभचरही. म्हणून विजेचा वार त्याला चौपट लागतो. टॅलनफ्लेम अग्नीचा पक्षी, त्यालाही वीज दुप्पट बाधते. पण खारीच्या अंगचा गुण असा की विजेचा वार तिला लागत तर नाहीच, उलट त्याने तिची गेलेली शक्ती भरून येते. म्हणजे मोठ्या जोडीदारांचे जे मरण, तेच हिचे जेवण! तिची दुसरी चाल 'सुपर फँग' समोरच्याचा उरलेला जीव निम्म्यावर आणते. त्या चालीला मारणाऱ्याचे बळ लागतच नाही. तिसरी 'नझल' लागली की समोरचा लकव्याने मंदावतो. तेथेही जोराचे काम नाही. पाहा, खारीचा मारा अवघा ४५. परंतु तिला दिलेल्या एकाही कामात त्या ४५ ची उणीव जाणवत नाही. तिचे दुबळेपण लपविले नाही की सोसले नाही. ते आडवे येणार नाही अशा जागी तिला उभे केले.

कादंबरी लिहिणाऱ्याला ही गोष्ट ओळखीची वाटेल. एखादे पात्र आपल्याला फार आवडते म्हणून प्रत्येक प्रकरणात आणावे, तर कादंबरी खिळखिळी होते. तेच पात्र, ज्याच्यावाचून एखादा प्रसंग घडूच शकत नाही अशा जागी ठेवले, तर दोन ओळींतही ते अमर होते. आवडीला जागा हवी असेल तर आवडत्याला काम दिले पाहिजे. आणि तेही असे, की शेजारच्या बलदंडाला ते जमू नये. माझ्या मते पहिला संघ रचणाऱ्याने एवढे एकच सूत्र धरावे.

ते कसे धरावे, याचे उदाहरण घेऊ. समजा, घरातल्या मुलीला टॉरकोल नावाचे कासव आवडते. पाठीतून धूर सोडणारे हे अग्नीचे कासव. मूळ चपळाई अवघी २०. पण ते मैदानात उतरताच कडक ऊन पडते, आणि उन्हात अग्नीचा जोर दीडपट होतो, पाण्याचा निम्मा. याला जोडीदार कोण? पाठीवर फूल वागविणारा वीनसॉर. क्लोरोफिल हा गुण असलेल्या वीनसॉरची चपळाई उन्हात दुप्पट होते. शिवाय कासवाचे तीन वैरी, पाणी, खडक आणि जमीन. हे तिघेही गवताच्या माऱ्यापुढे नमतात, आणि तो मारा वीनसॉरपाशी आहे. उलट वीनसॉरला बर्फाचे आणि अग्नीचे भय, तर कासवावर त्या दोहोंचा परिणाम अर्धाच. कासवाची 'इरप्शन' ही चाल समोरच्या दोघांनाही भाजते, पण स्वतःचा जीव जितका शाबूत तितकाच तिचा जोर. म्हणून आधी वीनसॉरने झपाट्याने एका शत्रूवर झोपेची पूड टाकावी आणि मग कासवाने सावकाश भडका उडवावा. पूड चारांतून एकदा चुकते, हेही लक्षात ठेवावे. संघाचा गाभा तो हा. सहा प्राणी गोळा करण्याआधी दोघांचे असे नाते जुळले पाहिजे.

उरलेले चार निवडताना विचारावयाचे प्रश्नही याच दोघांतून निघतात. वीनसॉरला पक्ष्यांचे आणि मनोबलाने मारणाऱ्यांचे भय उरतेच. ते कोण निवारील? येथे मोह होतो तो इन्सिनरोर या अग्निमार्जाराचा. मनोबलाचा वार त्याला लागत नाही, आणि तो नुसता उतरला तरी त्याच्या दराऱ्याने समोरच्या दोघांचा मारा खाली येतो. परंतु पाणी, खडक आणि जमीन हे त्याचेही वैरी आहेत. म्हणजे एका भोकाला ठिगळ लावताना दुसरे भोक मोठे होते. तरीही तो घ्यावा की न घ्यावा, याचा निर्णय डोळे उघडे ठेवून करावा. प्रतिस्पर्ध्याने पाऊस आणला तर आपल्या उन्हाचे काय? वेगाची व्यवस्था काय? 'टेलविंड'ने चार फेऱ्या आपली चपळाई दुप्पट करावयाची, की 'ट्रिक रूम'ने पाच फेऱ्या उलटा कायदा लावून मंदांना आधी मान द्यावयाचा? आणि एक फेरी निभावून नेणारी 'प्रोटेक्ट' ही चाल किती जणांजवळ आहे? नवशिक्याला ही चाल वाया गेल्यासारखी वाटते, कारण तिने शत्रूला ओरखडाही येत नाही. पण जोडीच्या झुंजीत एकाने ढाल धरली म्हणजे दुसऱ्याला मोकळी फेरी मिळते. अर्थात् कोणत्या वर्षी कोणते प्राणी चालतात हे नियमांनी बदलत राहते. ते आधी वाचावे आणि मग जीव लावावा.

यावर कोणी म्हणेल, एवढी यातायात कशाला? विजेत्यांचे संघ जगजाहीर असतात. त्यातलाच एक उतरून घ्यावा. हा सल्ला मी टाकाऊ मानीत नाही. अक्षर वळावयाचे तर कित्ता गिरवावाच लागतो. परंतु कित्ता गिरविणाऱ्याला शब्दाचा अर्थ कळला नाही तर तो फक्त रेघा ओढतो. पार्कची खार उचलून, तिच्यामागे ग्यारडॉस नाही अशा संघात ठेवली, तर ती पुन्हा ४०५ आकड्यांची एक खारच होईल. उसना संघ घ्यावयाचा तर घ्यावा, पण सहांपैकी प्रत्येकासमोर बोट ठेवून 'हा येथे का?' याचे उत्तर एका वाक्यात देता आले पाहिजे. ज्याच्यासाठी उत्तर सापडत नाही, तो गडी आपला नव्हे. तेथे आपल्या आवडीचा बसवून पाहावा.

खेळाचा एक मोठा दोषही सांगितला पाहिजे. जे ज्ञान स्पर्धेत अत्यावश्यक, ते या खेळाने लहान खेळाडूपासून वर्षानुवर्षे झाकून ठेविले. प्राण्याला सरावाने मिळणारे गुण एकूण ५१० पर्यंत आणि एका अंगात २५२ पर्यंत वाटता येतात, हा २०२२ सालच्या 'स्कार्लेट' आणि 'व्हायोलेट' या भागांतला हिशेब. पण सुरुवातीच्या अनेक भागांत असे काही आहे याचा पत्ताही पडद्यावर लागत नसे. आवडत्यांसह जिंका असे सांगावयाचे आणि जिंकण्याची वही कपाटात ठेवावयाची, हे गुरुजींना शोभणारे नव्हे. पुढच्या भागांत हे कपाट बरेच उघडले, ही समाधानाची गोष्ट.

तेव्हा कॅरनच्या सुभाषितावर निकाल द्यावयाचा तर मी म्हणेन, ते अर्धे खरे आहे. आवड हे बळ नव्हे. पण आवड नसेल तर एखाद्या दुबळ्या प्राण्याच्या चाली, गुण आणि उणिवा इतक्या बारकाईने न्याहाळण्याचे कष्ट कोण घेईल? आकड्यांवर विसंबणाऱ्याने खारीकडे दुसऱ्यांदा पाहिलेही नसते. पहिला संघ बहुधा हरेल, आणि हरल्यावर घरात थोडी आदळआपटही होईल. त्या वेळी वडीलधाऱ्यांनी 'खेळच तो, सोडून दे' असे म्हणू नये. जवळ बसून एवढेच विचारावे, 'आज कोणत्या गड्याला काम मिळाले नाही?' पोराने विचार करून उत्तर दिले, तर दुसरा संघ तेथेच घडू लागला असे समजावे.