‘काळजीपूर्वक हाताळावे’ म्हणजे नेमके काय करावे?

शाळेच्या प्रयोगपुस्तिकांत एक सूचना हमखास आढळते. स्पिरिट, ॲसिटोन किंवा ईथर यांचा उल्लेख आला की पदार्थ ज्वालाग्राही आहे, तो काळजीपूर्वक हाताळावा, अशा अर्थाचे एक वाक्य येते आणि पुढची कृती सुरू होते.

एका एप्रिलमध्ये परळी तालुक्यातील सिरसाळा येथे काही विज्ञान शिक्षकांबरोबर बसण्याचा योग आला. आम्ही हे वाक्य फळ्यावर लिहिले आणि विचारले, “हे वाचून उद्या वर्गात तुम्ही काय वेगळे कराल?” बराच वेळ कोणी बोलेना. मग मागे बसलेल्या एक बाई म्हणाल्या, “खरं सांगू का सर? बाटली कपाटात ठेवू आणि कुलूप लावू.”

सगळे हसले. पण या उत्तरात दोष बाईंचा नाही, त्या वाक्याचा आहे. ज्या सूचनेतून काय करायचे ते कळत नाही, ती सूचना नव्हे. असे वाक्य लिहिणाऱ्याला जबाबदारीतून मोकळे करते आणि शिक्षकाला भीतीच्या हवाली करते. या लेखात आम्हाला अशा सूचनांचीच जरा झाडाझडती घ्यायची आहे.

सर्वांच्या परिचयाचा प्रयोग घेऊ. हिरव्या पानात स्टार्च आहे का हे पाहण्यासाठी आधी पानातले हरितद्रव्य काढावे लागते. त्यासाठी पान अल्कोहोलमध्ये, म्हणजे बहुतेक शाळांत स्पिरिटमध्ये, उकळतात. स्पिरिट थेट ज्योतीवर न ठेवता गरम पाण्यात ठेवून तापवावे, असे सांगितले जाते. सूचना योग्य आहे, पण का, हे सांगितले जात नाही. त्यामुळे ज्योत द्रवाला लागली नाही की झाले, असा समज होतो.

वस्तुतः द्रव जळत नाही. जळते ती त्याची वाफ. ही वाफ हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असते. ती छताकडे जात नाही. भांड्याच्या काठावरून खाली उतरते, टेबलावर पसरते आणि तिवईखालच्या ज्योतीपाशी पोचू शकते. म्हणजे पाण्यात भांडे ठेवूनही खालचा दिवा पेटता राहिला, तर धोका पूर्ण टळलेला नसतो.

ही वाफ किती असते, याचे गणित नववी-दहावीची मुलेही करू शकतील. 10 मिलिलीटर अल्कोहोलचे वजन सुमारे 7.9 ग्रॅम. त्याची संपूर्ण वाफ झाली तर साध्या तापमानाला ती चार लीटरहून थोडी अधिक भरते. हवेत या वाफेचे प्रमाण 3.3 टक्के झाले की मिश्रण पेट घेऊ शकते. म्हणजे दोन चमचे स्पिरिट सुमारे 130 लीटर हवा पेटण्याजोगी करू शकते! 200 लीटरचे पिंप निम्म्याहून अधिक भरेल एवढी ही हवा. हे गणित एकदा फळ्यावर केले की ‘काळजीपूर्वक’ या शब्दाला अर्थ येतो.

आणि मग कृतीही आपोआप बदलते. पाणी आधी उकळून घ्यावे. दिवा विझवावा आणि दूर ठेवावा. नंतरच स्पिरिटची बाटली उघडावी. मोठ्या परीक्षानळीत पान बुडेल एवढेच स्पिरिट घेऊन नळी गरम पाण्यात उभी करावी. अल्कोहोल 78 अंश सेल्सिअसला उकळते. नुकत्याच उकळलेल्या पाण्याची उष्णता त्याला पुरते. शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजत असेल, तर तिथले उकळते पाणी झाकण लावून आणावे. मग वर्गात ज्योत पेटवावीच लागत नाही.

आमचा दुसरा आक्षेप ‘खोलीच्या तापमानाला’ या शब्दांना आहे. पुस्तकांतील तक्ते 20 किंवा 25 अंश धरून तयार झालेले असतात. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान 40 अंशांच्या वर जाते. ईथरचा उत्कलनांक आहे 34.6 अंश. म्हणजे सिरसाळ्याच्या दुपारी कपाटातला ईथर आपल्या उत्कलनांकाच्या वर असतो. केवळ बूच घट्ट आहे म्हणून तो बाटलीत राहतो. बूच उघडताच तो फसफसून बाहेर येऊ शकतो. त्याची वाफ हवेच्या अडीचपट जड असते. तिला पेटायला ज्योतही लागत नाही. 160 ते 180 अंशांपर्यंत तापलेला पृष्ठभाग पुरतो. खोलीतल्या विजेच्या शेगडीची तार याहून कितीतरी जास्त तापते.

मग ‘थंड जागी ठेवावे’ हे वाचून कोणी बाटली फ्रिजमध्ये ठेवतो. आम्हीही विद्यार्थी असताना हे केले आहे आणि काही घडले नाही ते केवळ नशिबाने. घरगुती फ्रिजच्या आत दिव्याचे बटण असते, तापमान राखणारा थर्मोस्टॅट असतो. दोन्हींत बारीक ठिणगी पडू शकते. बंद कपाटात साचलेली वाफ आणि ठिणगी, एवढ्यावर फ्रिजचे दार उडू शकते. शिवाय हवा आणि प्रकाश लागलेल्या जुन्या ईथरमध्ये स्फोटक पेरॉक्साइडे तयार होतात. म्हणून वर्षानुवर्षे पडून असलेली बाटली उघडायची नाही, हलवायचीही नाही, जाणकाराला बोलवायचे. सूचना लिहिणाऱ्याने हे सांगायला हवे होते. त्याहून चांगले म्हणजे, शाळेत ईथर आणूच नका, असे स्पष्ट लिहायला हवे होते. पानातली रंगद्रव्ये वेगळी करायला खडू आणि थोडे स्पिरिट घेतले तरी हिरवे आणि पिवळे पट्टे दिसतात. ते पेट्रोलियम ईथरइतके रेखीव नसतात, पण मुद्दा कळायला पुरेसे असतात.

नुसत्या इशाऱ्याने भागत नाही, याचे एक बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. तिथे मेथॅनॉलमध्ये निरनिराळे क्षार टाकून रंगीत ज्वाळा दाखवण्याचा प्रयोग फार लोकप्रिय होता. ज्योत विझत आली असे वाटून शिक्षक बाटलीतून आणखी मेथॅनॉल ओततात, ज्वाळा धारेवरून बाटलीत शिरते आणि पेटता झोत समोर बसलेल्या मुलांवर येतो, अशा दुर्घटना वारंवार घडल्या. डिसेंबर 2013 मध्ये तिथल्या केमिकल सेफ्टी बोर्डाने याबद्दल सावध करणारी चित्रफीत काढली. त्यानंतर काही आठवड्यांतच, 2 जानेवारी 2014 रोजी न्यूयॉर्कच्या एका शाळेत हाच प्रयोग करताना एक विद्यार्थी गंभीर भाजला. पुढे अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सुरक्षा समितीने उघड्या टेबलावर ज्वालाग्राही द्रावक वापरून हा प्रयोग करणे थांबवा, असे सांगितले आणि पर्यायही सुचवला : लाकडाच्या काड्या क्षारांच्या पाण्यातल्या द्रावणात भिजवून बर्नरच्या ज्योतीत धरा. रंग तेच दिसतात. द्रावकच नाही, तर झोत कशाचा येणार?

आपल्याकडे मेथॅनॉलचा तो प्रयोग नसेल, पण स्पिरिटचा दिवा घरोघरच्या देवघरातल्या निरांजनाइतक्याच सहजपणे भरला जातो. स्पिरिटची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. दिवा विझला असे वाटून बाटलीतून स्पिरिट ओतणे म्हणजे न्यूयॉर्कचाच प्रसंग पुन्हा उभा करणे. दिवा विझवून, पूर्ण निवू देऊन, मुलांपासून दूर, नरसाळ्याने भरावा आणि बाटलीचे बूच लावून ती दूर नेल्यावरच काडी ओढावी.

कोणी म्हणेल, एवढे सगळे असेल तर प्रयोगच नको. हे आम्हाला मुळीच मान्य नाही. आधीच अनेक शाळांत प्रयोग फळ्यावर होतात आणि निरीक्षणे मार्गदर्शकातून उतरवली जातात. सुरक्षिततेच्या नावाने कपाटाला आणखी एक कुलूप लागावे, यासाठी हा लेख नाही. वाफ, घनता, उत्कलनांक हे तर आपण शिकवतोच. सुरक्षितता ही त्या धड्याच्या शेवटी जोडायची तळटीप नाही. ती त्याच धड्याचा उपयोग आहे. ज्या मुलीला वाफ खाली उतरते हे कळले, ती उद्या घरात गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात न लावता आधी दार उघडेल.

सिरसाळ्याला आम्ही शेवटी फळ्यावरचे ते वाक्य पुसले आणि शिक्षकांना नवे लिहायला सांगितले. बरीच खोडाखोड होऊन ठरले ते असे : “पाणी उकळा. दिवा विझवा. खिडक्या उघडा. मग स्पिरिटची बाटली उघडा, लागेल तेवढेच घ्या, बूच लावा. ओला जाड कपडा हाताशी ठेवा.” कुलूप लावू म्हणणाऱ्या बाईंनीच त्यात शेवटचे वाक्य घातले.

आपल्या शाळेतली प्रयोगपुस्तिका काढा. जिथे जिथे ‘काळजी घ्यावी’ असे लिहिले असेल, तिथे पेन्सिलीने लिहा : कोणती, आणि का?