एकटा प्रवासी आणि त्याची शिदोरी

मराठीतील प्रवासवर्णनांविषयी आपल्या चळवळीच्या लेखकांनी फारसे लिहिलेले नाही. ते स्वाभाविकही आहे. ज्यांच्या पूर्वजांना गावाची वेस ओलांडताना कारण सांगावे लागे, त्यांनी 'निसर्गरम्य परिसरात एकट्याने केलेली भटकंती' या प्रकाराकडे पांढरपेशांचा फावल्या वेळचा उद्योग म्हणून पाहिले, तर त्यांना दोष कसा द्यावा? मीही अनेक वर्षे वर्गात हेच सांगत आलो. परंतु गेल्या भाद्रपदात चार दिवस मी हिंगोली जिल्ह्यात एकटाच फिरलो. काम नव्हते, सभा नव्हती, सोयरीक नव्हती. मला मोटार चालवता येत नाही आणि भाड्याने घेण्याची ऐपत नाही. तेव्हा एसटी, रेल्वे, काळी-पिवळी जीप आणि फाट्यापासून पुढे पाय. परत आल्यावर घरातली जुनी प्रवासवर्णने पुन्हा काढून वाचली आणि माझे मत मलाच अपुरे वाटू लागले.

पैसा नसलेला प्रवासी मराठीला नवा नाही. किंबहुना आपल्या प्रवासवाङ्मयाचा आरंभच ज्या थोड्या पुस्तकांनी होतो त्यांतील एक, विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास', हे एका कर्जबाजारी माणसाचे पुस्तक आहे. १८५७ साली वरसईचा हा भिक्षुक काकांबरोबर उत्तरेकडे निघाला तो मथुरेच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने. बंडाच्या धामधुमीत सापडला, लुटला गेला, तरीही परत आला. पुस्तक छापले गेले १९०७ साली. ते मला आजही आवडते. झाशीचा वेढा असा जवळून पाहिलेला माणूस मराठीत दुसरा नाही. पण या वेळी वाचताना मी एकच गोष्ट शोधत होतो: हा माणूस रात्री कुठे टेकतो आणि सकाळी कोणाच्या आडाचे पाणी पितो? कनवटीला काही नसताना तो हिंदुस्थानभर फिरू शकतो, कारण परक्या गावातही त्याचे कूळ सांगितले की ओसरी मिळते. पैसा संपतो, पण शिदोरी संपत नाही. ती शिदोरी म्हणजे त्याची जात.

हे गोडसे भटजींविरुद्धचे आरोपपत्र नव्हे. ते बिचारे आपली जात लपवत नाहीत, मिरवतही नाहीत. ती त्यांना श्वासासारखी आहे. माझी तक्रार त्यांच्यानंतर आलेल्या लेखकांविषयी आहे. त्यांनी हीच शिदोरी खांद्यावर ठेवली आणि वर आपण 'निःसंग' असल्याचे लिहिले. गो. नी. दांडेकरांनी नर्मदा परिक्रमा केली. नदी त्यांना दिसली तशी फार थोड्यांना दिसली, हे मान्यच केले पाहिजे. पण परिक्रमावासी म्हटला की त्याच्यासाठी सदावर्त असते, धर्मशाळा असते, आणि त्या दारात कोणाला कुठवर येऊ द्यायचे याचे अलिखित नियमही असतात. इरावती कर्वे यांनी 'परिपूर्ती'तील 'वाटचाल' या लेखात पंढरीच्या वाटेवरची गोष्ट सांगितली. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगळे जेवतात, हे त्यांना खुपले आणि त्यांनी ते लिहिले. प्रस्थापितांच्या प्रवासलेखनात हा प्रामाणिकपणा दुर्मिळ आहे. तरी त्या पंगतीला तिसरी बाजूही होती. ती त्या लेखात फार दूर चालते आहे.

आमच्याकडच्या लेखनात काय आहे? भरपूर प्रवास आहे, पण सहल नाही. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'त (१९८०) गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणे आहे. 'भटकंती' हा शब्द शहरातल्या माणसाला छंदासाठी सापडला तो फार अलीकडे. कैकाड्याला, वडाराला, पारध्याला तो जन्माबरोबर मिळाला होता. १८७१ च्या कायद्याने कित्येक भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि तो कायदा १९५२ पर्यंत टिकला, म्हणजे एकाच देशात एकाचे हिंडणे हे व्यासंग आणि दुसऱ्याचे हिंडणे हा गुन्हा होता. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) एसटी स्टँड येतो, तो प्रवासाला निघण्याची जागा म्हणून नव्हे, तर रात्री पाठ टेकण्याचे घर म्हणून. या पुस्तकांतून निसर्गाचे कौतुक हुडकणाऱ्या समीक्षकाला काय म्हणावे?

पण एका पुस्तकाने मला अडवले. बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली प्रसिद्ध केले. आपण ते अस्पृश्यतेचे साक्षीपत्र म्हणून वाचतो. या वेळी मी ते प्रवासवर्णन म्हणून वाचले, आणि माझ्या ध्यानात आले की त्याच्या मध्यभागी एक साधा प्रश्न आहे: गाडी हाकणार कोण? १९०१ साली मसूर स्टेशनावर उतरलेल्या पोरांची जात कळताच बैलगाडीवाला त्यांना नेईना. दुप्पट भाडे ठरले आणि कासरा पोरांनीच धरला. गाडीचा मालक सोबत पायी चालला. १९२९ साली चाळीसगावला मुंबई सरकारच्या समितीचा सभासद म्हणून आलेल्या बॅरिस्टर आंबेडकरांसाठी एकही टांगेवाला तयार होईना. तेव्हा वस्तीतल्या ज्याला टांगा हाकण्याचा सराव नव्हता अशा माणसाच्या हाती लगाम गेले, टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. आज स्वतः गाडी चालवणे हे स्वातंत्र्याचे लक्षण समजतात. त्या दोन्ही प्रसंगी ती बहिष्काराची शिक्षा होती.

तिसरा प्रसंग आमच्या मराठवाड्यातला. १९३४ साली बाबासाहेब आणि त्यांचे तीसेक सहकारी वेरूळची लेणी पाहायला निघाले. हे शब्द सावकाश वाचावेत: लेणी पाहायला. मोर्चा नव्हता, परिषद नव्हती. दिवसरात्र राबणाऱ्या कार्यकर्त्यांना चार दिवस काही सुंदर पाहावेसे वाटले. निजामी मुलखात आपली ओळख उघड करायची नाही असे त्यांनी ठरवले होते. दौलताबादच्या किल्ल्याशी धुळीने भरलेली तोंडे त्यांनी तिथल्या लहान हौदावर धुतली आणि पाणी बाटवले म्हणून गलका झाला. रमजानचा महिना होता, ओरडणारे मुसलमान होते. शेवटी किल्ला पाहायची परवानगी मिळाली ती पाण्याला हात न लावण्याच्या अटीवर, सोबत हत्यारबंद शिपाई देऊन. सौंदर्याच्या दारात उभा केलेला हा पहारेकरी मराठी सौंदर्यमीमांसेत कोणी मोजला आहे काय?

या पार्श्वभूमीवर मी एसटीकडे पाहतो. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली गाडी धावली. आमच्या मराठवाड्यात तिचा लाल रंग राज्यपुनर्रचनेनंतर आला. तिच्या फाटक्या आसनांविषयी आणि वेळापत्रकाविषयी बोलावे तितके थोडे, आणि २०२१-२२ च्या दीर्घ संपात तिच्या चालक-वाहकांचे काय हाल झाले तेही आपण पाहिले. पण ज्या समाजासाठी टांगेवाला लगाम धरत नव्हता त्या समाजाच्या माणसाला पगारी चालक पुढे बसून नेतो, वाहक तिकीट देतो, आणि त्या तिकिटावर नाव नसते, ही घटना मराठी वाङ्मयाने अजून नोंदवलेली नाही. अमेरिकेत याच्या उलट झाले. तिकडे बसमधला अपमान टाळण्यासाठी ज्या काळ्या माणसाला परवडले त्याने मोटार घेतली, आणि वाटेत कुठे उतरता येईल, कुठे जेवता येईल याची 'ग्रीन बुक' नावाची मार्गदर्शिका न्यूयॉर्कमधून १९३६ पासून तीस वर्षे निघत राहिली. आमच्याकडे तशी छापील पुस्तिका नाही. का नाही, ते पुढे सांगतो.

हिंगोली हा जिल्हा परभणीतून १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. पर्यटनाच्या पुस्तकात त्याचे नाव औंढा नागनाथापुरते येते. पण हिंगोलीहून औंढ्याकडे जाणारी गाडी टेकड्यांमध्ये शिरली की डावी-उजवीकडे सागाची विरळ झाडी लागते, मध्येच सोयाबीनचा सपाट हिरवा पट्टा, पुन्हा खडक. पुढे पूर्णेवर सिद्धेश्वरचे धरण. वसमतच्या बाजूला हळदीची रुंद पाने, भाद्रपदात कमरेपर्यंत आलेली. अकोला-पूर्णा रेल्वे २००८ पर्यंत मीटरगेज होती. आता रुंद झाली तरी सकाळच्या पॅसेंजरच्या खिडकीतून हा मुलूख दिसतो तो तसाच, घाई नसलेला. गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा औंढ्याजवळ होणार आहे. तिला २०२३ साली केंद्र सरकारने मंजुरी दिली. जमिनीचा हादरा कमीत कमी असावा म्हणून शास्त्रज्ञ इथे आले म्हणे. जमीन स्थिर आहे हे खरेच. माणसांचे हादरे त्यांच्या यंत्रात उमटणार नाहीत.

औंढ्याला नामदेवांची कथा सांगतात. पुजाऱ्यांनी कीर्तनाला आडकाठी केली म्हणून नामदेव देवळाच्या मागे जाऊन बसले आणि देऊळ त्यांच्याकडे फिरले. आमचे मित्र या कथेला हसतात. मला ती प्रवाशाची कथा वाटते. मागच्या बाजूने जे दिसते तेच समोरचे ठरवण्याची इच्छा तिच्यात आहे. नामदेवांचे नर्सी गाव कयाधूच्या काठी. हा शिंपी इथून पंजाबात घुमाणपर्यंत गेला, आणि गुरुग्रंथसाहिबात त्याची पदे आहेत. नर्सीच्या घाटावर मी दोन तास बसलो. नदीला गढूळ पाणी होते, पलीकडे म्हशी होत्या. मला आनंद झाला, आणि तो लिहिताना मला संकोच वाटतो आहे. हा संकोच कुठून आला, हाच या लेखाचा विषय.

एका गावी (नाव देत नाही) फाट्यावर उतरून चार किलोमीटर चाललो. पारावरच्या माणसांनी हाक मारली.

"कोण्या गावचे पाव्हणे? कोणाकडं आलात?"

"कोणाकडं नाही. पाहायला आलो."

"इकडं काय हाय पाहायला?" मग थोडे थांबून, "आडनाव काय म्हणले?"

मी सांगितले. कोणी वाईट बोलले नाही. फक्त बाकावर सरकून केलेली जागा पुन्हा भरली, आणि कोणीतरी हाताने दाखवले की "तुमचे लोक त्या अंगाला ऱ्हातात." पाणी मी मागितले नाही, पिशवीत वीस रुपयांची बाटली होती. या बाटलीवर एखाद्या अभ्यासकाने लिहिले पाहिजे. तिने आमची सोय केली आणि प्रश्न झाकला. पाण्यासाठी हात पुढे करावाच लागला नाही, तर गाव बदलले की नाही हे कळणार कसे?

त्या अंगाला निळा झेंडा होता, बाबासाहेबांचा अर्धपुतळा होता, लहानसे विहार होते. "जय भीम" म्हटले आणि खाट टाकली गेली. आमची 'ग्रीन बुक' छापावी लागत नाही ती यामुळे. गावाच्या कोणत्या दिशेला चालायचे हे आम्हाला न सांगता ठाऊक असते. पण मग माझ्याही खांद्यावर शिदोरी निघाली की! गोडसे भटजींना जी ओसरी मिळाली तिचीच ही दुसरी आवृत्ती नव्हे काय? फरक मोठा आहे, हे मला समजते. त्यांची ओसरी गावाच्या मध्यावर होती आणि माझी खाट वेशीबाहेर. त्यांना मान म्हणून मिळाली आणि मला नाकारल्यावर मिळाली. तरी मी 'एकटा' फिरलो असे लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल, आणि ज्या लेखकांना मी वर फटकारले त्यांच्या पंक्तीला मी जाऊन बसेन.

संध्याकाळी जिच्या घरी भाकरी खाल्ली त्या म्हाताऱ्या माउलीला मी समोरची टेकडी दाखवली. ऊन उतरत होते, टेकडी तांबूस हिरवी झाली होती. म्हणालो, "माय, किती सुंदर दिसते ही."

ती म्हणाली, "अठ्ठ्याहत्तर साली तीन रात्री तिथंच काढल्या, गुरुजी. लेकराच्या तोंडावर हात धरून."

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटवल्या गेल्या, हे मी शेकडो वेळा भाषणात सांगितले आहे. त्या रात्री लपायला एखादी टेकडी लागते हे माझ्या डोक्यात कधी आले नव्हते. मी गप्प झालो. तिने चुलीतले लाकूड मागे ओढले आणि म्हणाली, "पण पावसाळ्यात चांगलीच दिसती ती."

आमच्या समीक्षेने या वाक्याचा पहिला भाग ऐकला आणि दुसरा सोडून दिला, असा माझा आक्षेप आहे. निसर्गवर्णन म्हणजे ब्राह्मणी रंजन, हे समीकरण आपण नकाराच्या भरात मांडले. त्या वेळी ते आवश्यकही होते. पण त्यामुळे टेकडी कोणाच्या ताब्यात गेली? ज्यांना तिच्यावर कधी लपावे लागले नाही त्यांच्या. वेरूळला निघालेल्या तीस माणसांनी ही वाटणी मान्य केली नसती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मुक्कामी गाडीने निघालो. वाहकाने रात्री गाडीतच अंग टाकले होते. त्याचे डोळे तांबारले होते. बहुतेक आसनांवर बाया होत्या. मार्च २०२३ पासून त्यांना अर्धे तिकीट आहे. कोणी बाजाराला, कोणी दवाखान्याला, कोणी माहेरी. नुसती पाहायला निघालेली त्यांत कोणी नसावी. मी विचारले नाही. परक्या पुरुषाने विचारायचा तो प्रश्न नव्हे.

परत आल्यावर वर्गातील मुलांना मी एसटीने केलेल्या एका प्रवासाविषयी लिहून आणायला सांगितले. कळमनुरीकडच्या एका मुलीने इसापूर धरणावर एकटीच जाऊन आल्याचे लिहिले आहे. आडनाव विचारल्याचा प्रसंग त्यात आहे, पण तो तिसऱ्या पानावर. पहिली दोन पाने पाण्याची आहेत. एका सहकाऱ्याने ती वाचून म्हटले, प्रसंग आधी घ्यायला हवा होता, जाणीव उशिरा येते. मी वही त्याच्याकडून परत घेतली आणि पानांचा क्रम बदलला नाही.